सेलवास नावाचे एक खेडे

गेल्या श्रावणात एका आप्तांची प्रकृती पाहावयास वापीस जाण्याचा योग आला. दोन दिवस हाताशी मोकळे होते. म्हणून सेलवासला जाऊन आलो. कागदोपत्री ‘सिल्वासा’ असले, तरी आमच्या घरी वडीलधारी मंडळी ‘सेलवास’च म्हणत, आणि तिथले जुने लोकही तसेच म्हणतात. आपल्या बडोद्याच्या कित्येक मराठी घरांत हे नाव निघाले की पाठोपाठ १९५४ साल निघते आणि बोलणाराची मान थोडी ताठ होते. माझीही होत असे. या खेपेस ती थोडी लवली. ती का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

गाव दमणगंगेच्या काठचे. पश्चिमेकडे जमीन सपाट होत दमणच्या समुद्राकडे उतरते आणि पूर्वेस खानवेलच्या बाजूला डोंगर व साग-खैराचे रान लागते. भात आणि नागली ही इथली पिके. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी ही इथली माणसे. एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि मध्ये वारल्यांची स्वतःची बोली. मराठी कानाला ती परकी वाटत नाही, पण आपली म्हणून तिची विचारपूसही आपण कधी केली नाही.

या मुलखाचा आणि आपला संबंध मोठा गमतीचा आहे. मराठी आरमाराने १७७२ साली पोर्तुगीजांचे सांतान नावाचे जहाज धरले. ते प्रकरण मिटवताना १७७९ च्या तहात पेशव्यांनी सालीना बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली. पुढे १७८३ व १७८५ मध्ये त्याप्रमाणे गावांचा ताबा दिला गेला. दिले ते काय? वसूल, की राज्य? पावणेदोनशे वर्षांनी हा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आपल्या मोडी दफ्तरांतले ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ हे शब्द तिथल्या न्यायाधीशांना समजून घ्यावे लागले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात त्यांनी मान्य केले की मराठ्यांनी दिला तो वसूल होता, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढे इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगीजांची सत्ता कोणी हरकत न घेता चालू राहिली, असेही त्यांनी म्हटले. लष्कर व शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला नाही. सरंजामी कागद कसा वाचावा हे ठाऊक असलेल्या घरांना हा निकाल वाचताना आनंद वाटणे साहजिक आहे. मीही तो पुष्कळांना रंगवून सांगितला आहे.

तसेच १९५४ चे. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मस्करेन्हस आदी मंडळींनी २२ जुलैला दादरा सोडवले. २८ ला नारोळी मोकळी झाली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि पुण्या-मुंबईकडचे स्वयंसेवक सेलवासात शिरले. त्यांत राजा वाकणकर होते, नाना काजरेकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, सुधीर फडके होते. या कामाच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गायन केले. फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला सुरू झाले, म्हणजे या धामधुमीला वर्षही झाले नव्हते. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो खानवेलकडे पळाला आणि ११ ऑगस्टला उधवा येथे शरण आला. मग सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतात सामील झाला. गाणारे, लिहिणारे हात वेळ येताच मोहिमेवर गेले, ही गोष्ट सामान्य नव्हे. तिचा अभिमान सोडा असे मी म्हणणार नाही.

पण सेलवासजवळच्या एका पाड्यावर मला एक वारली आजोबा भेटले. वय ऐंशीच्या पलीकडचे. ओसरीवर बसून पावसाकडे पाहत होते. मी नमस्कार करून विचारले, “बाबा, फिरंगी गेले तेव्हाचे काही आठवते का?”

“आठवते की,” ते म्हणाले. “पाऊस फार होता. रात्री फटाके वाजल्यासारखे काही वाजले. आईने बाहेर जाऊ दिले नाही. सकाळी कळले, साहेब पळाला. मग आम्ही लावणीला गेलो.”

“आणि ज्यांनी त्याला पळवले, ती माणसे पाहिलीत?”

“पाहिली. चिखलाने भरलेली पोरे होती. भाऊ, ती कोण होती हो?”

मी नावे सांगू लागलो. त्यांतले एकही त्यांना ठाऊक नव्हते. मी मोठ्या उत्साहाने गाण्यांची नावे घेतली, तेव्हा ते केवळ सौजन्याने हसले. मग त्यांनी मला विचारले, “आमची त्या वेळची माणसे तुमच्या पुस्तकात आहेत का?” आणि आठ-दहा नावे घेतली. ओझी वाहणारे, रानातली वाट दाखवणारे, कोणी पाटलाच्या घरी राबणारे. त्यांतले एकही मला ठाऊक नव्हते. आमचा हिशेब असा बरोबरीत सुटला. फरक एवढाच की मी विद्वान म्हणवून घेत होतो आणि ते घेत नव्हते.

उठताना त्यांनी आपले शेत दाखवले. एका कारखान्याच्या कुंपणाची भिंत होती, आणि शेत तिच्या आत होते. बांधावर कुठे आंबा होता, पाणी कुठून येई, हे ते भिंतीकडे बोट करून सांगत होते, जणू ती भिंत काचेची होती.

पोर्तुगीज अमलात इथल्या जमिनी ‘अल्वारा’ पद्धतीने थोड्यांच्या हाती गेल्या होत्या. ती पद्धत १९७१ च्या जमीन सुधारणा कायद्याने मोडली. पुढे करांच्या सवलतींमुळे कारखाने आले, विशेषतः प्लास्टिकचे आणि कृत्रिम धाग्याचे. १९६१ साली या साऱ्या मुलखात ५७,९६३ माणसे होती. २०११ साली ३,४३,७०९ झाली. खुद्द सेलवासात २०११ साली ९८,२६५ माणसे मोजली गेली. आजूबाजूचे पाडे नगरपालिकेच्या हद्दीत आले, हेही त्याचे एक कारण. काम मिळाले, रस्ते झाले, शाळा-दवाखाने झाले. हे वाईट झाले असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण जे खेडे होते ते कोठे गेले, असे विचारले तर दाखवावयास काय आहे? आदिवासी संग्रहालयात तारपा आहे, दागिने आहेत, मासे धरण्याची साधने आहेत. तारपा कोण वाजवीत होते, त्यांची नावे काय, हे कुठे लिहिलेले आहे?

अमेरिकेच्या सपाट मैदानी मुलखात, नेब्रास्का प्रांतात, मोनोवी नावाचे एक खेडे आहे. शेती यंत्रांच्या हाती गेली, तरुण माणसे शहरांकडे गेली, आणि २०१० च्या शिरगणतीत तिथे एकच रहिवासी उरली, एक वृद्ध बाई. गावाची अध्यक्ष तीच, कारकून तीच, खानावळ चालवणारीही तीच. आणि नवऱ्याच्या मागे त्याच्या पुस्तकांचे ग्रंथालयही तिनेच गावाच्या नावाने चालू ठेवले. तिथले खेडे माणसे जाऊन संपत आले, इथले माणसे येऊन संपले. पण एका माणसाच्या खेड्याची नोंद राहिली, ग्रंथालय राहिले. आमच्या लाखाच्या गावात एका पाड्याची वही नाही.

बडोदेकरांना हे बोलण्याचा माझा हक्क एवढ्यासाठीच की ही वाट आपल्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था लावली, आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. खेड्यातल्या माणसाला वाचावयास दिले पाहिजे, हा विचार या शहराने फार लवकर केला. आता त्याची दुसरी बाजू करावयाची आहे: खेड्यातला माणूस जे सांगतो ते लिहून घेतले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. दर २ ऑगस्टला आपण व्याख्याने करतो, ती करावीत. पण ज्या घरांत त्या मोहिमेची पत्रे, रोजनिशा, छायाचित्रे पडून आहेत, त्यांनी त्यांच्या नकला सेलवासलाही द्याव्यात. त्या गावाचाही त्यांवर हक्क आहे. आणि आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी, हिंडत्या विद्यार्थ्यांनी चार दिवस तिथे जाऊन म्हाताऱ्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. शुद्ध मराठी करण्याचा मोह टाळावा. पाड्यांची नावे, बांधांची नावे, लग्नात चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे. इतिहास संशोधनात याला फार मान मिळणार नाही. पण पेशव्यांनी गावे दिली तेव्हा त्या माणसांना कोणी विचारले नव्हते, आणि आपण गावे परत घेतली तेव्हाही विचारले नाही. तिसऱ्या खेपेस तरी विचारावे.

निघताना मी आजोबांना म्हटले, “ती नावे पुन्हा सांगाल? लिहून घेतो.” त्यांनी सांगितली. माझ्या वहीत नऊ नावे आहेत. दहावे आठवले तर निरोप पाठवीन म्हणाले आहेत.