ओरिजिनल आयडियाची शोधमोहीम आणि परंड्याची तोफ

आपल्या आयटीवाल्यांमध्ये सध्या एक नवीन साथ आली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी चहाच्या टपरीवर आवाज खाली आणून सांगतो, "फँटसी कादंबरी लिहायचीये. तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी, मराठीत. जग, नकाशा, सगळं डोक्यात आहे. फक्त एक ओरिजिनल आयडिया मिळाली की झालं."

मंडळी, हे "मिळाली की झालं" प्रकरण मला अजिबात मान्य नाही. आयडिया म्हणजे काय रस्त्यात पडलेलं पाकीट आहे, की जो लवकर उठेल त्याला सापडेल?

बरं, या शोधमोहिमेतून बाहेर काय येतं तेही बघा. "हॅरी पॉटर, पण सह्याद्रीत." "अश्वत्थामा, पण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात." "शनिवारवाड्याच्या तळघरातून दुसऱ्या जगात जाणारं दार." याला आपल्या धंद्यात फोर्क म्हणतात. दुसऱ्याचा कोड उचलायचा, व्हेरिएबलची नावं बदलायची आणि रिलीज करायचा. आता तर चॅटबॉट आहेत. त्यांना विचारलंत तर मिनिटात वीस आयडिया देतात आणि त्यातल्या अठरांमध्ये एक अनाथ मुलगा, एक ताईत आणि एक भविष्यवाणी असते. आणि दोष त्या बिचाऱ्या यंत्राला का द्या? तुम्ही "काहीतरी वेगळं" एवढंच मागितलंत, तर ते सगळ्यांची सरासरी काढूनच देणार.

यावर कडी म्हणजे गुप्तता! आयडिया कुणी ढापेल म्हणून हे लोक सख्ख्या मित्रालाही अर्धीच गोष्ट सांगतात. अरे बाबांनो, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच हे स्पष्ट केलंय. संरक्षण मिळतं ते कल्पनेच्या मांडणीला, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष लिहिलेल्या पानांना. जी गोष्ट कायद्यालाही राखण्यालायक वाटत नाही, तिच्यासाठी तुम्ही चार वर्षं कादंबरी अडवून बसलाय.

ज्यांची नावं घेऊन आपण "तसं काहीतरी" म्हणतो, त्यांनी तरी कुठे शून्यातून काढलं? टॉल्कीनच्या बुटक्यांची नावं एका जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून आलीत. रोलिंगबाईंचा निकोलस फ्लामेल हा पॅरिसमध्ये खरोखर होऊन गेलेला माणूस, १४१८ साली वारला. आपल्याकडेही तेच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस कथा मराठीत आणल्या, त्यावर पिढ्या पोसल्या. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. मग चांदोबा. उसनं घेणं हा गुन्हा कधीच नव्हता. फरक इतकाच की टॉल्कीनचा पोटापाण्याचा धंदाच जुन्या भाषांचा होता. त्याने जिथून घेतलं ते त्याला आरपार माहीत होतं. आपण घेतो ते मात्र त्याच्यावरून काढलेल्या सिनेमावरून. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

तर माझा मुद्दा साधा आहे. "आजवर कुणालाच न सुचलेलं काय?" हा प्रश्न चुकीचा आहे. "मला खोलात जाऊन काय माहीत करून घेता येईल, ज्याकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नाही?" हा प्रश्न बरोबर आहे. नुसतं तत्त्वज्ञान नको, म्हणून एक गाव घेऊन दाखवतो. परंडा. जिल्हा धाराशिव. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव बार्शीच्या स्टँडवर एसटीच्या पाटीवरच वाचलेलं असतं.

परंड्यात भुईकोट किल्ला आहे. खंदक, बुरूज, तटबंदी, सगळं गावाला लागूनच. विजापूरला जी प्रसिद्ध मुलुख-मैदान तोफ टुरिस्ट लोक बघतात, ती एके काळी इथे होती. ओतली अहमदनगरला, १५४९ साली, निजामशाहीसाठी. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेला. वजन सुमारे ५५ टन. तोंडाला जबडा फाडलेला सिंह, आणि त्या जबड्यात हत्ती. १६३२ साली विजापूरच्या मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापूरला नेली. शेकडो बैल आणि हत्ती जुंपून नेली असं सांगतात. पुढे १८५४ साली इंग्रजांनी ती भंगारात काढली. बोली लागली दीडशे रुपयांची! नशीब, की तो व्यवहार रद्द झाला.

आता यात दंतकथा मिसळा. सांगतात, की तोफ डागणारा गोलंदाज बत्ती दिल्याबरोबर शेजारच्या हौदात उडी मारून पाण्याखाली जायचा, नाहीतर त्या आवाजाने कान जायचे. जादूला किंमत हवी, नियम हवेत म्हणून आपण एक्सेल शीटमध्ये मॅजिक सिस्टिम बनवत बसतो ना? इथे ती आयती आहे: ताकद वापरायची तर ऐकणं गमवायचं, किंवा बुडी मारून श्वास कोंडायचा. शिवाय हौदात पाणी हवं. आणि हा तर दुष्काळी मुलूख!

अजून एक. सांगतात, की मुलुख-मैदानला एक जोडीदार तोफ होती, कडक बिजली. तीही परंड्याहून निघाली, पण वाटेत नदीत बुडाली. काही सांगणारे कृष्णेचं नाव घेतात. आता नकाशा उघडा. परंड्याहून विजापूरला जाताना भीमा लागते, कृष्णा लागतच नाही, ती विजापूरच्याही पलीकडे दक्षिणेला आहे. इतिहासवाला म्हणेल, दंतकथेत घोळ आहे, सोडून द्या. कादंबरीवाल्याने मात्र इथे खुर्ची पुढे ओढली पाहिजे. एवढी अवजड वस्तू चुकीच्या नदीत कशी बुडते? का कुणीतरी मुद्दाम चुकीची नदी सांगितली? परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव धरण आहे. उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, हे आपण पेपरात फोटोसकट वाचतो. मग एखाद्या कोरड्या मे महिन्यात धरणाच्या तळाच्या भेगाळलेल्या चिखलातून एक पितळी जबडा वर आला तर?

आणि तो पहिल्यांदा दिसतो कुणाला? दहावीतल्या एका मुलीला. भाऊ पुण्याला गेलाय, मामा पुण्याला गेलाय, दहावी झाली की तीही जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. १६३२ पासून या गावातली प्रत्येक मोठी गोष्ट कुणीतरी बैल लावून दुसरीकडे नेतंय. हिच्या हाताला पहिल्यांदाच असं काही लागलंय, जे गेलेलं असूनही गेलेलं नाही. ते ती कुणाला सांगेल? सांगितलं तर तेही नेतील.

बघा, एक दंतकथा आणि एक नकाशा यांच्यातली विसंगती घेतली आणि तिला तीन प्रश्न विचारले. यात माझी प्रतिभा-बितिभा काही नाही.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. "आपल्या मातीतलं" म्हटलं की काही लोकांच्या अंगात टुरिस्ट गाइड संचारतो. पहिली चाळीस पानं किल्ल्याची माहिती, मग आजोबांचं भाषण, मग वैभवशाली परंपरा. पंधरा वर्षांचं पोरगं तिथेच पुस्तक मिटतं आणि मोबाइल उघडतं. बरोबरच करतं. तोफ म्हणजे कादंबरी नव्हे. त्या मुलीला काय हवंय आणि ते मिळवण्यासाठी ती काय गमवायला तयार आहे, ती कादंबरी. परंडा फक्त हे ठरवतं, की ती उत्तरं दुसऱ्या कुठल्या गावासारखी येणार नाहीत.

"पण पोरांना ड्रॅगनच हवे असतात हो," असं कुणीतरी म्हणतंच. हवेत ना, वाचू देत की. मीही वाचतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तालुक्याच्या गावात वाढणाऱ्या मुलीने हातात घेतलेल्या प्रत्येक जादूच्या पुस्तकात जादू लंडनच्या स्टेशनवरून सुटते, किंवा फार तर पुण्या-मुंबईतून. तिच्या गावाला गोष्टीत जागा मिळते ती दुष्काळाच्या बातमीतच. काही विलक्षण घडायचं तर आधी गाव सोडायला हवं, हे आपण तिला शाळेत सांगतो, घरी सांगतो आणि वर फँटसीतही सांगतो. जिथे काहीही घडू शकतं म्हणतात, त्या प्रकारातसुद्धा तिच्या गावात काही घडू नये? हा आळस आहे आपला, दुसरं काही नाही.

आणि आपण तरी कुठले? हिंजवडीतले निम्मेअधिक लोक असल्याच कुठल्यातरी तालुक्यातून बैल लावून आणलेले आहेत. तुमच्या गावच्या बारवेत, वेशीत, बंद पडलेल्या जिनिंग मिलमध्ये अशी न जुळणारी एक तरी गोष्ट असणारच. तेव्हा या वीकांताला नवीन आयडिया शोधू नका. गावी फोन लावा, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला एक दंतकथा नीट सांगायला लावा, मग नकाशा उघडून ती कुठे चुकते ते बघा. चुकलेली जागा सापडली की पहिलं पान लिहायला घ्या. परंडा घेतलंत तरी हरकत नाही, ते काही माझ्या नावावर नाही. कुर्डुवाडीला उतरा, पुढे एसटी आहे.