खेळणारे कोण, बघे कोण?

अमरावती-अकोल्याकडे पऱ्हाटीला खत देताना तुम्ही पाहिलंच असेल. खत टाकलं की मागून डवरा फिरवून ते मातीआड करतात. का बरं? उत्तर तुमच्या रसायनशास्त्राच्या वहीतच आहे.

अमोनिअम सल्फेट हे खत अमोनिया आणि सल्फ्युरिक आम्ल यांपासून बनवतात. या अभिक्रियेचं निव्वळ आयनिक समीकरण लिहा म्हटलं, की बरेच जण झटकन लिहितात: हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी. इथंच गुण जातात!

जरा थांबा. सल्फ्युरिक आम्ल तीव्र आहे. विरल द्रावणात ते आयनांत फुटतं, म्हणून ते फोडून लिहायचं. अमोनिया मात्र सौम्य आम्लारी. त्याच्या ०.१ मोलर द्रावणात १०० रेणूंपैकी जेमतेम एखादा आयन तयार करतो, बाकीचे अखंडच राहतात. मग जे अखंड आहे, ते अखंडच लिहायला नको का?

२ अमोनिया + २ हायड्रोजन आयन + सल्फेट आयन → २ अमोनिअम आयन + सल्फेट आयन

सल्फेट आयन आधी होता तसाच नंतरही आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर कबड्डी रंगते, तेव्हा कडेला बसून बघणाऱ्यांचे गुण कुणी मोजतं का? तसाच हा बघ्या. त्याला दोन्हीकडून खोडा आणि उरलेल्याला २ ने भागा:

अमोनिया + हायड्रोजन आयन → अमोनिअम आयन

आता ताळा करा. डावीकडे धनप्रभार १, उजवीकडेही १. जमलं! आणि पाणी? ते कुठंच नाही.

चला, पुन्हा शेतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात माती आम्लारीधर्मी असते, तिचा सामू सहज ८ च्या वर जातो. तिथं आपलं समीकरण उलटं फिरू लागतं:

अमोनिअम आयन + हायड्रॉक्साइड आयन → अमोनिया + पाणी

अमोनिया हा वायू. खत वरच पडून राहिलं, तर बाबांनी पैसे मोजून आणलेलं नत्र हवेत उडून जातं! मातीआड गेलं, की मातीचे बारीक कण अमोनिअमला धरून ठेवतात. डवऱ्यामागचं शास्त्र हेच.

आता तुमची पाळी. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं निव्वळ आयनिक समीकरण लिहा आणि वरच्या समीकरणाशेजारी ठेवून बघा. काही गंमत दिसते का?