विश्लेषण : वेगमर्यादा वाढवली की महामार्गावरची कोंडी सुटते का?

सलग सुट्ट्या आल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात वाहनांच्या रांगा लागतात. मग ‘रस्ता चांगला, गाड्या दमदार, मर्यादा तेवढी कमी’ असा सूर निघतो. पण मर्यादा वाढवल्याने वाहतूक खरोखर सुरळीत होते का?

सध्या मर्यादा किती?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किमी, तर मालवाहू वाहनांसाठी ८० किमी केली. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० किमीची मुभा आहे. मुंबई-पुणे मार्गावर घाट वगळता ती १०० किमी असून घाटात त्याहून बरीच कमी आहे.

वेळ किती वाचतो?

समृद्धीची लांबी ७०१ किमी. ताशी १०० किमीने सात तास, तर १२० ने पाच तास ५० मिनिटे लागतात. म्हणजे सव्वा तासाच्या आसपास बचत. मुंबई-पुणे मार्ग जेमतेम ९५ किमीचा. तिथे घाट नाही असे मानले तरी दहा मिनिटेही वाचत नाहीत. शिवाय हा हिशेब मोकळ्या रस्त्याचा आहे.

गर्दीत काय होते?

दोन वाहनांत दोन सेकंदांचे अंतर राखल्यास एका मार्गिकेतून तासाला जास्तीत जास्त १,८०० वाहने जातात. वेग ८० असो वा १२०, हा आकडा वाढत नाही. उलट वेग १०० वरून १२० झाल्यास ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्याचे अंतर ४४ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे सुरक्षितपणे चालवायचे तर पुढच्या वाहनापासून आणखी लांब राहावे लागते आणि रस्त्याची क्षमता घटते.

कारण नसताना कोंडी का होते?

जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. अपघात नाही, सिग्नल नाही, तरीही थोड्याच वेळात कोंडी झाली. एकाने वेग किंचित कमी केला की मागचा थोडा जास्त ब्रेक दाबतो आणि ही लाट मागे सरकत जाते. वेगातील तफावत जितकी मोठी, तितक्या अशा लाटा अधिक. ८० ने जाणाऱ्या ट्रकमागून १२० ने मोटार आली, की ब्रेक आणि मार्गिका बदलणे आलेच.

धोका किती?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. केंद्राच्या अहवालानुसार त्यातील ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता.

मग उपाय काय?

ब्रिटनने लंडनभोवतीच्या ‘एम २५’ मार्गावर १९९५ पासून बदलती वेगमर्यादा वापरली. गर्दी वाढू लागताच फलकावरची मर्यादा खाली येते. सगळे सारख्या वेगाने चालतात आणि अचानक ब्रेक दाबण्याचे प्रकार कमी होतात. आपल्याकडे जड वाहनांनी डावी मार्गिका पाळली, तरी बराच फरक पडेल.

थोडक्यात, लांब आणि मोकळ्या रस्त्यावर जास्त मर्यादा वेळ वाचवते, पण जिवाचा धोका वाढवून. गच्च भरलेल्या घाटात मात्र फलकावरचा आकडा बदलून रांग हलत नाही.