अचानक नसलेले मृत्यू

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचे वय ६३ होते. वर्षभरापूर्वी हृदयरोगतज्ज्ञाने त्यांचा रक्तदाब १८६/१०८ नोंदवला होता. शेवटच्या दिवशी तो ३००/१९० वर गेला. तो उतरवणारे खात्रीचे औषध तेव्हा नव्हते. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असे अनेक डॉक्टरही मानत.

ही समजूत मोडली मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या गावातल्या अभ्यासाने. १९४८पासून तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची ठरावीक काळाने तपासणी होत राहिली. पुढे कुणाला हृदयविकार झाला, हे जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर उच्च रक्तदाब, जादा कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ठळकपणे समोर आले. आजाराची शक्यता वाढवणाऱ्या अशा गोष्टींना ‘जोखीम घटक’ म्हणतात.

त्यांचे काम वर्षानुवर्षे मुकाट चालते. वाढलेल्या दाबाने रोहिण्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे चरबीयुक्त थर साचतो. तंबाखू आणि मधुमेह ही झीज वाढवतात. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. घरचे म्हणतात, धडधाकट माणूस होता, अचानक गेला.

आपल्यासाठी हे अधिक गंभीर आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला. इतरांना जवळपास ५९व्या. त्यामागे मुख्यतः तेच ओळखीचे घटक होते, फक्त ते आपल्याकडे लवकर गाठतात. पन्नाशीच्या आत कर्ता माणूस गेला की मुलांचे शिक्षण आणि डोक्यावरचे कर्ज दोन्ही उघडे पडतात.

रूझवेल्ट यांच्या वेळी नसलेली औषधे आज स्वस्तात मिळतात. अडते ते मोजण्यापाशी आणि टिकण्यापाशी. कित्येक स्त्रियांचा रक्तदाब शेवटच्या बाळंतपणानंतर कुणी पाहिलेलाच नसतो. काही त्रास वाटत नाही म्हणून अनेकजण गोळी मध्येच सोडतात, तर काहींना आरोग्य केंद्रातला साठा संपल्याने ती सोडावी लागते. दोष सगळा रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तिशी ओलांडलेली व्यक्ती कोणत्याही कारणाने दवाखान्यात आली, तरी तिचा रक्तदाब मोजला गेलाच पाहिजे, आणि गावच्या केंद्रात या गोळ्या बाराही महिने मिळाल्या पाहिजेत.