विद्यावेतनाशिवायचा प्रवेश हा प्रवेश नव्हे

फेब्रुवारी उलटत आला की अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज केलेल्या मुलामुलींच्या घरी एक वाद सुरू होतो. दोन पत्रं आलेली असतात. एक जगभर नाव असलेल्या विद्यापीठाचं: प्रवेश दिला आहे, पहिल्या वर्षी आर्थिक मदत देता येणार नाही, पुढे शक्य झाल्यास विचार करू. दुसरं मध्य-पश्चिमेतल्या एखाद्या सरकारी विद्यापीठाचं: शुल्कमाफी, पाच वर्षं विद्यावेतन, आरोग्यविमा. घरची वडीलधारी मंडळी, कॉलेजातले प्राध्यापक, आधी तिकडे गेलेले सीनियर असे सगळे मिळून मुलीला पहिल्या पत्राकडे ढकलतात. ‘नाव मोठं आहे, पैशांचं बघू काहीतरी.’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत सल्ला देणारा नाही तर घेणारी मुलगी मोजते.

या सल्ल्याच्या बाजूने जो भक्कम मुद्दा आहे तो आधी मान्य करायला हवा. अर्थशास्त्राइतकी उतरंड मानणारी विद्याशाखा शोधून सापडणार नाही. शेवटच्या वर्षी विद्यार्थी आपला मुख्य शोधनिबंध, ‘जॉब मार्केट पेपर’, घेऊन नोकरीच्या बाजारात उतरतो. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या जाहिरातसूचीतून शरद ऋतूत अर्ज जातात, मुलाखती होतात, आणि अर्जासोबतच्या शिफारसपत्राखाली कोणाची सही आहे हे सगळे बघतात. वरच्या विभागांतल्या अध्यापकांच्या जागा बहुतांशी मूठभर विभागांतून बाहेर पडलेल्यांनाच मिळतात. हे खरं आहे, आणि हे नाकारून विद्यार्थ्याची दिशाभूल करू नये.

पण या मुद्द्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यातून निघत नाही. पहिली गोष्ट, ही उतरंड अर्थशास्त्र विभागांची आहे, विद्यापीठांच्या कीर्तीची नाही. मिनेसोटा विद्यापीठाचं नाव आपल्याकडच्या किती पालकांनी ऐकलेलं असतं? पण १९७० आणि ८० च्या दशकांत सार्जंट, सिम्स आणि प्रेस्कॉट तिथे शिकवत होते, आणि आधुनिक समग्रलक्षी अर्थशास्त्राचा मोठा भाग त्या विभागात घडला. तिघांनाही पुढे नोबेल मिळालं. लिओनिड हुरविच यांना २००७ साली ते मिळालं तेव्हा ते मिनेसोटाचेच होते. फ्रान्समधल्या तुलूजचंही तसंच. जाँ तिरोल यांचा हा विभाग युरोपातल्या अव्वल विभागांत गणला जातो, आणि आपल्याकडच्या समुपदेशन केंद्रांच्या भिंतीवरच्या यादीत तुलूज नसतं. क्यूएससारखी क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाला एक आकडा देते. त्यात वैद्यकही आलं, अभियांत्रिकीही आली. त्या आकड्यावरून अर्थमितीचा मार्गदर्शक निवडता येत नाही. आपल्या सरकारच्या परदेश शिष्यवृत्ती योजनाही हीच क्रमवारी पात्रतेची अट म्हणून धरून बसल्या आहेत. गरजू विद्यार्थ्याला उत्तम विभाग सोडून प्रसिद्ध विद्यापीठाकडे जायला सरकारच भाग पाडतं, हे मला गंभीर वाटतं. ही अट विभागनिहाय व्हायला हवी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उतरंडीचा फायदा पीएचडी पूर्ण करणाऱ्याला होतो. प्रवेश घेणाऱ्याला होत नाही. पहिलं वर्ष म्हणजे सूक्ष्मलक्षी, समग्रलक्षी आणि अर्थमिती या तीन विषयांचा अखंड मारा. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचा जाडजूड ग्रंथ, दर आठवड्याचे गृहपाठ, आणि उन्हाळ्यात प्रिलिम परीक्षा. त्यात नापास झालेल्याला बहुधा एक संधी आणखी मिळते, मग मास्टर्सची पदवी हातात देऊन निरोप. हे वर्ष कर्जावर काढणाऱ्या मुलीचा विचार करा. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेही कॅम्पसवरच. शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी फेलोशिपवर आहे, त्याला शिकवायचंही नाही आणि कमवायचंही नाही. दोघांची प्रश्नपत्रिका एकच. दुसऱ्या वर्षीची मदत प्रिलिमच्या निकालावर टांगलेली असेल, तर त्या एका परीक्षेत तिचं संशोधन आणि घरच्यांचं गहाण ठेवलेलं घर ही दोन्ही पणाला लागतात.

‘कर्ज तर एमबीएलाही काढतात’ असं म्हणणारे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एमबीए दोन वर्षांत संपतं आणि त्यानंतरचा पगार कर्ज फेडण्याच्या हिशेबानेच बघितलेला असतो. अर्थशास्त्राच्या पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर हप्ते थांबलेले असले तरी व्याज चढत राहतं. आणि ती मुलगी पदवी घेऊन पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकवायला परतली तर? सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. डॉलरमधलं कर्ज त्यातून फिटत नाही. म्हणजे तिने परत येऊच नये अशी सोय आपण प्रवेशाच्या दिवशीच करून ठेवतो.

आणखी एक आक्षेप येतो, तो नैतिक स्वरात: ज्ञानाच्या वाटेवर निघालेल्याने पैसा मोजू नये. याचं उत्तर महाराष्ट्राला माहीत असायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. १९१५ साली ते एम.ए. झाले, १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुढे सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे जोडले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडन गाठू शकले. डी.एससी. १९२३ साली मिळाली. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाची ही वर्षं पैशांअभावी गेली. त्यानंतर कोणत्या तोंडाने आपण आजच्या मुलांना सांगायचं की विद्यावेतनाची चौकशी करणं हलकेपणाचं आहे?

विद्यावेतनाकडे उपकार म्हणून बघणंच मुळात चूक आहे. विभाग ज्या विद्यार्थ्यावर पाच वर्षं खर्च करायला तयार होतो, तो पार पडेल असं त्याला वाटतं. जिच्यावर एक वर्षही खर्च करायला तयार नाही, तिच्याबद्दल विभागाने आपलं मत पत्रात लिहूनच कळवलेलं असतं. ते मत चुकीचं असू शकेल, पण तिचा मार्गदर्शक त्याच विभागातून यायचा आहे.

म्हणून पत्र अक्षरन् अक्षर वाचावं. विद्यावेतनाचा आकडा नऊ महिन्यांचा आहे की बारा? समजा २७,००० डॉलर लिहिलेत. नऊ महिन्यांना ते महिना ३,००० होतात, पण उन्हाळ्याची वेगळी सोय नसेल तर त्यातच बारा महिने काढायचे, म्हणजे महिना २,२५०. बोस्टनमध्ये आणि मॅडिसनमध्ये या पैशांचं मोल एक नाही. शुल्कमाफीत विद्यार्थी-फी धरलेली आहे का, विमा कोण भरतं, पहिल्या वर्षी टीएचं (अध्यापन-सहायकाचं) काम आहे का, पाचव्या वर्षानंतर सहावं लागलं तर काय? ‘समाधानकारक प्रगती असल्यास’ ही अट सगळीकडे असते, तिला घाबरू नये. ‘निधी उपलब्ध असल्यास’ हे शब्द मात्र दिसले तर थांबावं. आणि पदवी अमेरिकी वर्गीकरणात कोणत्या गटात नोंदलेली आहे तेही विचारावं. अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्राच्या गटात असेल, तर पदवीनंतर मिळणाऱ्या एका वर्षाच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडून मिळू शकतात.

याहून मोठा प्रश्न विभागातल्या मधल्या विद्यार्थ्याचा. प्लेसमेंटच्या यादीत वर झळकणारं नाव प्रत्येक विभागाकडे एखादं असतंच. पाच-सहा वर्षांच्या याद्या काढून बघाव्यात की मधला विद्यार्थी कुठे पोचला, आणि दाखल झालेल्यांपैकी किती जण यादीपर्यंत आलेच नाहीत. हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरळ विचारता येतं, आणि बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

घाईचं दडपण येईल, तेही मानू नये. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केली आहे, तिथल्या विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. युरोपातल्या तारखा वेगळ्या असतात, त्या पाळाव्यात. पण या मुदतीची एक दुसरी बाजूही आहे: जिथे जायचंच नाही अशा विभागाला लगेच नकार कळवावा. ती जागा वेटलिस्टवरच्या दुसऱ्या कोणाला तरी मिळू शकते.

आणि दोन्ही पत्रं विद्यावेतनाशिवायची असतील तर? तर जाऊ नये. नेटमधून जेआरएफ मिळवलेल्याला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पुण्याची गोखले संस्था आहे. दारिद्र्याच्या मोजमापाचा वाद ज्या लेखनाने देशभर पेटवला, ते १९७१ सालचं काम याच गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांचं. एखादं वर्ष संशोधन-सहायक म्हणून काम करून पुन्हा अर्ज करणं हाही सन्मानाचा मार्ग आहे, आजकाल अनेक जण तसंच करतात.

माझी विनंती विद्यार्थ्यांपेक्षा शिफारसपत्र लिहिणाऱ्या माझ्या सहकारी प्राध्यापकांना आहे. पुढच्या वेळी विद्यार्थी पत्र घेऊन अभिनंदन घ्यायला आला की विद्यापीठाचं नाव वाचण्याआधी विद्यावेतनाचा परिच्छेद वाचा. तो परिच्छेदच नसेल, तर त्याला स्पष्ट सांगा की तुला अजून प्रवेश मिळालेला नाही.