मोत्याचा मधुमेह आणि मेथीची पूड

वैशाखात अकोल्याचा पारा 45 अंशांकडे सरकला की कुत्रा दिवसभर पाण्याच्या भांड्याशी दिसतो आणि घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. मधुमेहाची पहिली खूण वऱ्हाडात नेमकी या उन्हाआड लपते. तहानेबरोबर लघवीही वाढली, भरपूर खाऊनही वजन उतरू लागले, अंगणात त्याने लघवी केलेल्या जागी मुंग्या जमू लागल्या, तर वाचकहो, उन्हाला दोष देऊन थांबू नका. रक्तातील साखर तपासून घ्या.

निदान झाले की लक्ष स्वयंपाकघराकडे वळते. मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड, मेळघाटच्या रानातला गुळवेल. आजोबांना चालते, मग मोत्याला का नको? प्रश्न रास्त आहे. आजोबांचे स्वादुपिंड बहुधा अजून थोडेफार इन्शुलिन तयार करीत असते. कुत्र्यात मात्र रोग उघड होईपर्यंत ते तयार करणाऱ्या पेशी बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. तेथे इंजेक्शनच लागते, बहुधा दिवसातून दोनदा आणि आयुष्यभर. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा गुण प्रथम पारखला तो स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर. त्यांच्याच वंशजांना ते नाकारून पुडीवर ठेवावे, हे मला तरी सोसवत नाही.

मांजराची गोष्ट निराळी. लवकर इन्शुलिन आणि कमी पिष्टाचा आहार मिळाल्यास काही मांजरांचे इंजेक्शन पुढे सुटतेही. शेजारच्या मनीचा दाखला म्हणून मोत्याला लावू नये.

‘महिनाभर पूड देऊन पाहू’ या वाक्यात मोठा धोका आहे. त्या महिन्यात मोतीबिंदू होऊन कुत्र्याची दृष्टी जाऊ शकते. रक्तात आम्ल साचून उलट्या सुरू झाल्या तर जीवही जातो.

इन्शुलिनच्या जोडीला मेथी द्यायची असेल, तर आधी पशुवैद्यकांना सांगा. तिच्यातील तंतूंमुळे साखर सावकाश शोषली जाते, म्हणून इन्शुलिनची मात्रा पुन्हा जुळवावी लागू शकते. पाय लटपटले, झटके आले, तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. मनुका घातलेले चाटण आणि झायलिटॉल असलेला ‘शुगर फ्री’ पदार्थ कुत्र्याला विषासमान आहे.

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे; सल्ल्यासाठी नागपूर-मुंबई गाठण्याची गरज सहसा पडू नये. इन्शुलिनची बाटली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. दुपारी वीज फार वेळ गेली, तर ती पिशवीत घट्ट बांधून गार माठाच्या आश्रयाला ठेवा.