सुईवर राहिलेले टाके

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत बहुतेक घरांत एखादी अशी वस्तू निघते, की जिच्यावरून दोन पिढ्यांत थोडी कुरबुर होते. आमच्या घरी ती वस्तू म्हणजे आईच्या पलंगाखालची लोखंडी ट्रंक. तिच्यात लोकर आहे. लडी, गुंडे, उरलेसुरले रंगीत तुकडे, आणि सुयांसकट तशीच राहिलेली अर्धवट विणकामे. आईचे वय ८१. गेली चार वर्षे तिने सुई हातात धरली नव्हती. "आई, हे सगळे आता कोणाला तरी देऊन टाकू या का?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुला वाटेल तसे कर."

हे उत्तर संमतीचे नसते, हे इतकी वर्षे रुग्णांचे बोलणे ऐकणाऱ्या मला उमगायला हवे होते. ते उमगले माझ्या पत्नीला. तिने ट्रंक ओढून बाहेर काढली, आईला खुर्चीत बसवले आणि एकेक वस्तू तिच्या मांडीवर ठेवीत एवढेच विचारीत गेली, "आई, हे कोणासाठी घातले होते, आणि कुठे अडले?"

पहिला निघाला गडद निळ्या लोकरीचा मफलर. वीतभर सुबक वीण, आणि पुढे जागोजागी निसटलेले टाके. "टाका दिसेनासा झाला, म्हणून ठेवून दिला," आई म्हणाली. तिच्या मोतीबिंदूचे निदान त्यानंतर वर्षभराने झाले. मोतीबिंदूत नजर एकदम जात नाही. आधी शेजारशेजारच्या छटांतला फरक ओळखणे अवघड होते. दारातून येणारा माणूस ओळखू येतो, पण गडद लोकरीतला गडद टाका हरवतो. मफलरने जे सांगितले होते, ते आम्ही वर्षभर ऐकलेच नाही.

डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, नजर सुधारली, तरी सुई हाती आली नाही. त्याचे कारण दुसऱ्या पिशवीत सापडले. माझ्या भाचीच्या मुलीसाठी घातलेला, वेणीच्या विणीचा गुलाबी स्वेटर. ती मुलगी आता शाळेत जाते. "वेणी घालताना अंगठा आणि पुढची दोन बोटे बधिर व्हायची. रात्री मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला की बरे वाटायचे." मी विचारले, "मला का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "तू दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून येतोस. म्हटले, वयाचेच असेल."

मनगटातील नस दाबली गेल्याची याहून स्वच्छ लक्षणे पाठ्यपुस्तकातही नसतील. या विकारामागे पुष्कळदा मधुमेह किंवा थायरॉइड ग्रंथीची मंदगती असते. आईच्या तपासणीत थायरॉइडची कमतरता निघाली. औषध सुरू झाले, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणे सुरू झाले, आणि दोन महिन्यांत मुंग्या बऱ्याच उणावल्या. रोज अनोळखी माणसांना "झोप कशी लागते?" असे विचारणाऱ्या मुलाने आपल्याच घरात "तू विणणे का सोडलेस?" हा प्रश्न चार वर्षांत एकदाही विचारला नव्हता. हे लिहिताना मला संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण ही चूक केवळ माझ्या घरातली नाही.

वृद्ध माणूस एखादी आवडती गोष्ट सोडतो, तेव्हा आपण "आता वय झाले" म्हणून मोकळे होतो. पण वय हे निदान नव्हे. सोडण्यामागे बहुधा एखादे विशिष्ट कारण असते, आणि त्यांतली अनेक कारणे उपचारांनी कमी होतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि बरणीचे झाकणही उघडत नसेल, तर तिथे सांध्याची झीज असू शकते. बोट मिटल्यावर अडकून खटकन उघडत असेल, तर ते स्नायूंच्या दोरीचे दुखणे. मधुमेहींत ते अधिक आढळते. नजर आणि हात ठीक असूनही विणकाम, पोथी, बाग, शेजारणीकडे जाणे या सर्वांतूनच मन उडाले असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर नैराश्याचा विचार करावा. वृद्धांतील नैराश्य ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १५ प्रश्नांच्या प्रचलित प्रश्नावलीत नेमका हाच एक प्रश्न आहे: आपण आपले अनेक उद्योग आणि आवडी सोडून दिल्या आहेत का?

स्मरणशक्तीविषयीही दोन शब्द. एखादा टाका चुकणे म्हणजे विस्मरणाचा आजार नव्हे. मात्र आयुष्यभर सहज विणणाऱ्या बाईंना ओळखीच्या विणीचाही क्रम लागेनासा झाला, त्याच ओळी पुन्हा पुन्हा उसवल्या जाऊ लागल्या आणि त्याच सुमारास पैशांचे हिशेब किंवा औषधांच्या वेळा चुकू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉइडची कमतरता यांसारखी सुधारण्याजोगी कारणेही त्यामागे असू शकतात.

आता प्रत्यक्ष आवराआवरीविषयी. ज्यांची ट्रंक आहे, त्यांच्या गैरहजेरीत ती आवरू नये. जड ट्रंक तरुण माणसाने ओढावी. वृद्धांनी वाकून उचलू नये. दम्याचा त्रास असेल तर धूळ झटकताना दूर बसावे. एका बैठकीला अर्धा तास पुरे. तीन ढीग करावेत: पूर्ण करायचे, उसवायचे आणि तसेच ठेवायचे. उसवलेली लोकर वाकडीतिकडी होते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करावी, कोमट पाण्यात भिजवून पिळून न काढता सावलीत टांगावी.

डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र विशेष सावध राहावे. त्यांतील नॅफ्थलीन विषारी आहे. जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना अशा गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. विस्मरण झालेल्या व्यक्तीला ती गोळी पेपरमिंटसारखी वाटू शकते, हेही ध्यानात असावे. शिवाय बाजारातील पुष्कळशी 'लोकर' अ‍ॅक्रिलिकची असते. कसर लागते ती खऱ्या लोकरीला. अ‍ॅक्रिलिक तिचे अन्न नव्हे. म्हणजे अनेक घरांत त्या गोळ्या विनाकारणच असतात. अ‍ॅक्रिलिक ज्वालेजवळ वितळते आणि त्वचेला चिकटते, म्हणून असा स्वेटर किंवा शाल घालून शेगडीपाशी काम करू नये.

पुन्हा विणायचे असल्यास सोपेपणाने सुरुवात करावी. फिकट रंगाची, जाड लोकर घ्यावी. आपल्याकडच्या सुयांत नंबर जितका लहान तितकी सुई जाड. बाराऐवजी आठ नंबर घ्यावा. प्रकाश खांद्यामागून यावा, कोपरांखाली उशी असावी, आणि पंधरावीस मिनिटांनी हात सोडून बोटे हलवावीत. आईने वेणीची वीण पुन्हा घातली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. सध्या ती सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या घालून पिवळे चौकोन विणते. ते जोडून पांघरूण करायचे म्हणते.

ट्रंकेतून तिसरेही एक काम निघाले होते. राखी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर. पाठ पूर्ण, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत. तो वडिलांसाठी होता. ते गेले त्या आठवड्यात तो जिथे होता, तिथेच आहे. पत्नीने विचारले, "हा कुठल्या ढिगात ठेवू?" आईने तो हातात घेतला, टाके मोजले, आणि म्हणाली, "हा राहू दे. सुया काढू नकोस."

तो आम्ही तसाच ठेवला आहे. प्रत्येक अर्धवट काम पूर्ण व्हावे असे नाही, आणि प्रत्येक थांबणे म्हणजे आजारही नव्हे. पण कोणते थांबणे दुःखाचे आणि कोणते दुखण्याचे, हे बंद ट्रंकेकडे पाहून कळत नाही. त्यासाठी शेजारी बसून विचारावे लागते. या पंधरवड्यात आपल्या घरातही हा प्रश्न एकदा विचारून पाहावा. आणि वाचकांतील आजीआजोबांनो, कोणी विचारले, तर "वयाचेच असेल" असे म्हणून आपण तो प्रश्न परतवू नये, एवढी विनंती.